जुने मिचेल ३०० रीळ: नुसते दुरुस्त करावे, की नव्यासारखे करावे?

खाडीकाठ

माझे मामा मर्चंट नेव्हीत होते आणि सत्तरच्या दशकात त्यांनी कुठल्याशा परदेशी बंदरातून गरवण्यासाठी (गळाने मासे धरण्यासाठी) एक रीळ आणले होते. मामांच्या पश्चात माळा आवरताना ते सापडले आणि घरात दुसरे कोणी गरवायला जात नसल्यामुळे माझ्याकडे आले. रीळ गार्सिया-मिचेल ३०० आहे, त्यावर ‘मेड इन फ्रान्स’ अशी अक्षरे स्पष्ट वाचता येतात आणि हँडल डाव्या बाजूला आहे.

सध्याची अवस्था अशी आहे. काळा रंग कडांवरून उडालेला असून दांडीवर बसणाऱ्या पायावर आणि स्क्रूंच्या भोवती पांढरी पूड जमलेली आहे. हँडल फिरते, मात्र चिकट काहीतरी ढवळत असल्यासारखे जड फिरते. बेलची (दोर गुंडाळताना त्याला वळवणाऱ्या कमानीची) तार हाताने उघडली की उघडीच राहते आणि हँडल फिरवल्यावर मिटत नाही. ड्रॅगचे (मासा ओढू लागला की दोर ताणाखाली सुटू देणाऱ्या ब्रेकचे) बटण सैल केले तरी स्पूल (दोर गुंडाळायची चकरी) अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. जुने तंगूस (नायलॉनचा दोर) अजून स्पूलवर गुंडाळलेलेच आहे.

माझे प्रश्न तीन आहेत: उघडण्याची सुरुवात कोठून करावी, सुटे भाग मिळतात का, आणि रंग नव्याने द्यावा का. हे रीळ काचेच्या कपाटात ठेवण्याची माझी इच्छा नाही. खाडीच्या तोंडाशी तांबोशी आणि शिंगाळा गरवताना ते वापरता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

टूलरूम_भोसरी

वर्णनावरून काळजीचे काही दिसत नाही. हँडल जड फिरते ते बहुधा जुन्या ग्रीसमुळे असेल, कारण त्या काळचे ग्रीस वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यातील तेल निघून जाते आणि मागे मेणासारखा पिवळा थर उरतो. बेल मिटत नाही याचे पहिले कारण तुटलेली स्प्रिंग आणि दुसरे कारण तेच वाळलेले ग्रीस. त्यामुळे सुटे भाग शोधण्याआधी रीळ पूर्ण उघडून स्वच्छ करावे. अनेक ‘बिघाड’ त्या टप्प्यावरच नाहीसे होतात.

उघडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. समुद्रावर वापरलेले रीळ थेट रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये बुडवले, तर ग्रीस जाते आणि क्षार मात्र सांध्यांत आणि पांढऱ्या पुडीखाली तसाच राहतो. वर नवे तेल लावले की तो झाकला जातो आणि आतून ॲल्युमिनियम खातच राहतो. म्हणून आधी स्पूल काढून घ्यावा आणि उरलेले रीळ कोमट पाण्यात भिजवावे, पाणी दोन-तीनदा बदलावे, मग कोरडे करून उघडावे. ग्रीस काढण्यासाठी रॉकेल किंवा टर्पेंटाइन त्यानंतर वापरावे. थिनर आणि ॲसिटोन यांना हात लावू नये, कारण ते ग्रीसबरोबर मूळ रंगही उतरवतात.

घरात भांडी घासण्यासाठी असलेल्या गोष्टींबद्दलही सावध राहावे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळवतो, धुण्याचा सोडाही त्यावर काळे डाग पाडतो, आणि चिंच किंवा पितळ घासायची पावडर केवळ पितळेपुरतीच ठेवावी. पांढऱ्या पुडीसाठी जुना टूथब्रश, पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. पूड निघाल्यावर खाली खड्डे दिसले तर ते तसेच राहू द्यावेत.

आता स्क्रूंविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जुनी रिळे सर्वाधिक खराब होतात ती याच टप्प्यावर. सर्व स्क्रू सरळ खाचेचे आहेत. बाजारातील साध्या स्क्रूड्रायव्हरचे टोक पाचरीच्या आकाराचे असते, त्यामुळे ते खाचेच्या वरच्या कडांवर टेकते, जोर लावला की वर उचलले जाते आणि कडा कुरतडून टाकते. टोकाच्या दोन्ही बाजू कानशीने समांतर घासून ते खाचेच्या तळापर्यंत घट्ट बसेल असे करून घ्यावे, आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकीच ठेवावी. तरीही स्क्रू हलला नाही, तर मुरणारे तेल लावून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे भोवतीचा भाग किंचित मोकळा होतो. प्रथम थोडे घट्ट करण्याच्या दिशेने वळवून मग सैल करावे.

हँडल काढताना नेहमीच्या सवयीने डावीकडे पिळू नये. हँडल थेट मुख्य चाकात आट्यांनी बसत असेल, तर दोर गुंडाळताना ते आपोआप घट्ट होईल अशाच दिशेचे आटे निर्माता देतो; अन्यथा मासा ओढताना हँडल हातात येईल. डाव्या बाजूच्या हँडलसाठी याचा अर्थ उलटे आटे असा होतो. म्हणून अँटी-रिव्हर्स (हँडल उलटे फिरू न देणारी खिटी) लावून, गुंडाळण्याच्या विरुद्ध दिशेला फिरवावे.

प्रत्येक भाग निघताच त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तो अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवावा. विशेषतः पातळ वॉशर शोधावेत. ते ग्रीसने चाकाच्या किंवा नटाच्या खालच्या बाजूस चिकटून बसलेले असतात आणि धुताना मोरीत जातात.

रंगीत_मासा

रंगाबद्दल माझे मत वेगळे आहे. माझ्या ओळखीच्या एकाने जुन्या रिळाला चाकणजवळच्या एका कारखान्यात सँडब्लास्टिंग करून काळे पावडर कोटिंग करून घेतले आणि ते खरोखर दुकानातून आणल्यासारखे दिसते. एवढे श्रम घेऊन रीळ उघडायचेच आहे, तर मग उडालेला रंग तसाच ठेवण्यात काय शहाणपण आहे? उघडे ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत अधिक गंजणार, हाही मुद्दा आहेच.

गार्डनस्टेट

मी न्यू जर्सीत राहतो. गार्सिया कंपनीने ही रिळे अमेरिकेत प्रचंड प्रमाणात विकली होती, त्यामुळे इथल्या गॅरेज सेलमध्ये आणि जुन्या बाजारांत ती आजही सर्रास दिसतात आणि मला ती उचलून आणण्याचा नाद आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. ही रिळे फ्रान्समधील ओत-साव्हुआ प्रांतातल्या क्लूझ या गावी कार्पानो ए पाँस या कंपनीने बनवली. क्लूझ हे आल्प्सच्या पायथ्याशी असलेले घड्याळांचे गाव आहे. तेथे घड्याळकामाची शाळा १८४८ मध्येच सुरू झाली होती आणि बारीक स्क्रू आणि दांड्या कातण्याचा उद्योग त्या खोऱ्यात आजही आहे. मिचेलचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाला, खरे उत्पादन युद्धानंतर वाढले आणि ३०० हा क्रमांक त्याला पन्नासच्या दशकात मिळाला. घड्याळे बनवणाऱ्यांनी केलेले हे यंत्र असल्यामुळे त्यात प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला आहे, रिव्हेट मारून कायमचा बंद केलेला भाग जवळजवळ नाही. मालकाने ते उघडावे, पुसावे आणि पुन्हा बंद करावे, असे गृहीत धरूनच ते घडवले आहे.

सुट्या भागांबाबत एक इशारा आहे. ३०० कित्येक दशके बनत राहिले आणि त्या काळात आतले भाग बदलत गेले. साठच्या दशकात स्पूलच्या वर-खाली हालचालीसाठी ‘प्लॅनामॅटिक’ नावाची ग्रहमालेसारखी दातेरी चाकांची रचना आली. तिच्यामुळे स्पूलची चाल मंदावते, दोर आडवातिडवा पसरतो आणि फेकताना एकात एक रुतत नाही. त्याआधीच्या रिळांची चाके या रचनेला चालत नाहीत. तसेच ३०१ म्हणजे उजव्या बाजूला हँडल असलेले भावंड. त्याचे भाग ३०० साठी मागवू नयेत. झाकण काढून आतील छायाचित्र टाकले, तर तुमचे रीळ कोणत्या प्रकारचे आहे ते सांगता येईल.

रंगीत_मासा यांच्या सूचनेशी मी मुळीच सहमत नाही, पण त्याचे कारण संग्राहकांचा मूल्यविचार हे नाही. साधे ३०० दुर्मीळ नाही. अगदी सुरुवातीची, पूर्ण बेलऐवजी अर्धी बेल असलेली रिळे सोडली, तर किमतीला फारसा धक्का बसत नाही. माझे कारण तांत्रिक आहे. सँडब्लास्टिंगने कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि वाळूचे कण पिनियनच्या (बेलसह फिरणारा भाग चालवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) छिद्रात शिरतात. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि तो सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो. झाकण आणि देह यांमधली मूळ बैठक एवढा थर सामावून घेईलच असे नाही. मग झाकण नीट टेकत नाही, स्क्रू आवळून ते टेकवले जाते आणि चाकाच्या आसावर ताण येतो. दिसायला नवे आणि फिरायला पूर्वीपेक्षा जड अशी रिळे मी इथे पुष्कळ पाहिली आहेत.

टूलरूम_भोसरी

गार्डनस्टेट यांच्याशी सहमत. उघड्या ॲल्युमिनियमवर स्वतःचाच ऑक्साइडचा थर धरतो, आणि त्यावर मऊ मेणाचा हात फिरवला की वापरासाठी तेवढे संरक्षण चालते. जिथे पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसतो, तिथे गंज खरा सुरू होतो. त्यामुळे परत बसवताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावणे हे रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. सूचनेप्रमाणे रीळ भिजवून, वाळवून उघडले. झाकणाचा स्क्रू सोल्डरिंग आयर्नने तापवल्यावरच सुटला. हँडल खरोखरच उलट्या आट्यांचे निघाले.

आत मुख्य चाक आणि त्यात बसवलेली छोटी चाके दिसली, म्हणजे ही प्लॅनामॅटिक रचनाच असावी. ग्रीस तपकिरी झाले होते आणि काडीने खरवडल्यावर पापुद्र्यासारखे निघत होते. रॉकेलमध्ये धुतल्यानंतर सर्व दाते भिंगाखाली तपासले. कोठेही तुटलेला किंवा एका बाजूला झिजलेला दाता नाही. एक पातळ वॉशर चाकाच्या खालच्या बाजूस चिकटलेला होता, तो इशाऱ्यामुळेच वाचला.

दोन दोष मात्र खरे आहेत. बेलची स्प्रिंग पायाच्या वळणापाशी तुटलेली आहे, तिचे दोन्ही तुकडे रोटरच्या (बेल धरून फिरणाऱ्या वाटीच्या) झाकणाखाली मिळाले. आणि पिनियनखालचे बेअरिंग धुऊनही बोटावर फिरवले की खरखरते. शिवाय बेलवरील ज्या तुकड्यावरून दोर सरकतो, त्यावर नखाला लागेल अशी खाच पडली आहे.

टूलरूम_भोसरी

बेअरिंगचा प्रश्न सोपा आहे. आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे व्हर्नियरने घ्यावीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत विचारावे. माप प्रचलित असेल तर स्टेनलेसचे मागावे. नसेल, तर जुनेच पुन्हा पुन्हा धुऊन, तेल घालून चालवावे. रिळातील वेग आणि भार इतके कमी असतात की किंचित खरखरणारे बेअरिंगही वर्षानुवर्षे काम देते.

स्प्रिंग घरी करता येते. मिळाल्यास तयार घ्यावी, कारण मिचेलच्या बेलची स्प्रिंग तुटणे हे सर्वपरिचित दुखणे असल्यामुळे परदेशी विक्रेते ती अजून ठेवतात. करायचीच असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

तुटलेल्या तुकड्यांवरून तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी, पट्टीने किंवा अंदाजाने नव्हे. पिळाच्या स्प्रिंगचा जोर जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. मूळ तार ०.९ मिलिमीटरची असेल आणि तुम्ही १ मिलिमीटरची वापरली, तर फरक कागदावर नगण्य दिसतो, पण स्प्रिंग जवळपास दीडपट ताठ होते. मग बेल इतक्या जोराने आपटते की तारेचे बुड आणि रोटरचे कान झिजतात. त्यानंतर वेटोळी किती आहेत, ती उजवी आहेत की डावी, आणि सैल अवस्थेत दोन पायांतील कोन किती आहे, याची नोंद करावी. वेटोळ्यांची दिशा महत्त्वाची आहे, कारण बेल उघडताना स्प्रिंग आवळली गेली पाहिजे, उलगडली जाता कामा नये.

वेटोळी ज्या दांडीवर घालायची, ती अपेक्षित आतील व्यासापेक्षा बारीक घ्यावी, कारण हात सोडताच तार मागे उलगडते. किती बारीक हे तारेवर अवलंबून असते, म्हणून वाया घालवायला तार जास्तीची आणावी. पाय वाकवताना टोकदार पक्कड वापरू नये. तुमची स्प्रिंग जिथे तुटली, ती जागा म्हणजे नेमके तीक्ष्ण वळणच आहे. गोल तोंडाच्या पक्कडीने तेथे थोडी गोलाई ठेवली की आयुष्य वाढते. पियानो वायर असेल तर तयार स्प्रिंग सुमारे २३० अंश सेल्सिअसला अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवावी, म्हणजे वाकवताना आलेला अंतर्गत ताण कमी होतो. पियानो वायर गंजते हे लक्षात असू द्यावे. खाडीवरच्या वापरासाठी स्टेनलेस स्प्रिंग वायर अधिक योग्य, तिला तापमान मात्र याहून जास्त लागते.

घड्याळजी

मी घड्याळे दुरुस्त करतो, मासेमारीतले मला काही कळत नाही, पण तेल-ग्रीसबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. लोक यंत्राला तेल ‘पाजतात’. दात्यांवर ब्रशने पातळ थर द्यावा, चाक फिरवावे आणि बाहेर ढकलले गेलेले ग्रीस पुसून टाकावे. पोकळी ग्रीसने भरली तर ते चाकाला अडवते आणि धूळ धरून ठेवते. आस, बेलचा सांधा, हँडलची मूठ अशा ठिकाणी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. घरोघरी असणारा गंज सोडवण्याचा फवारा वंगण म्हणून वापरू नये. तो पाणी हटवतो, चिकटलेले सोडवतो आणि थोड्या दिवसांत उडून जातो.

मिर्‍या_बंदर

ड्रॅगकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. स्पूलमधील वॉशर क्रमाने काढावेत. एक धातूचा, एक टेफ्लॉनचा किंवा फायबरचा, अशी रचना असते. धातूच्या चकत्यांवर तेलाचा चिकट थर आणि हिरवट डाग असणार. त्या काचेवर ठेवलेल्या अतिशय बारीक पॉलिश पेपरवर पाण्याने घासून सपाट कराव्यात आणि सर्व वॉशर कोरडे बसवावेत. घड्याळजींचा एक थेंबही इथे नको. ‘अडतो आणि एकदम सुटतो’ हे लक्षण बहुतेक वेळा तेल झिरपलेल्या किंवा वाकलेल्या चकतीचे असते, आणि खडपावर (समुद्रकाठच्या खडकावर) उभे राहून गरवताना याच एका दोषाने मासा तंगूस तोडून जातो. ड्रॅग लावताना ताणकाटा वापरावा: १० पौंडी तंगूस असेल तर साधारण अडीच ते तीन पौंडांवर स्पूल सुटला पाहिजे.

जुने तंगूस अर्थातच कापून टाकावे. नवे भरताना विणलेली बारीक दोरी वापरण्याचा मोह टाळावा. हल्लीच्या रिळांत स्पूलची कड रोटरच्या बाहेरून येते. मिचेलमध्ये स्पूल रोटरच्या वाटीच्या आत बसतो, त्यामुळे सैल पडलेली बारीक दोरी फटीतून आत जाऊन आसाभोवती गुंडाळते. शिवाय दोर सरकण्याच्या ज्या तुकड्यावर आधीच खाच आहे, तिथे ती करवतीचे काम करते. तो तुकडा बदलावा, किंवा फिरवून न खाचलेली बाजू दोराकडे आणता येते का ते पाहावे. साधे नायलॉन भरावे, स्पूलच्या ओठापासून दोनेक मिलिमीटर खाली थांबावे.

खाडीकाठ

बेअरिंगचे माप बाजारात मिळाले नाही, म्हणून जुनेच धुऊन बसवले. स्प्रिंग तयार मागवली असून ती बसवल्यावर बेल व्यवस्थित मिटते. ड्रॅगमधील एक चकती खरोखरच वाकलेली होती, ती सपाट केल्यावर अडखळणे थांबले. दोर सरकण्याचा तुकडाही बदलला. रंगाला हात लावलेला नाही.

आता एकच गोष्ट राहिली आहे. हँडल फिरवताना हलकी ‘टक’ ऐकू येते आणि बोटालाही जाणवते.

टूलरूम_भोसरी

टक किती वेळाने येते ते मोजा, म्हणजे जागा सापडेल. हँडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर मुख्य चाक. रोटरच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर पिनियन, बेअरिंग किंवा बेलचा एखादा सैल भाग. आणि स्पूल वर-खाली होण्याच्या टोकाला येत असेल तर स्पूल हलवणारा सरकता भाग. त्यानंतर अँटी-रिव्हर्स बंद करून पुन्हा ऐका. आवाज गेला तर ती केवळ खिटी आहे आणि दुर्लक्ष करावे.

खाडीकाठ

मोजले. स्पूल सर्वांत वर पोहोचतो तेव्हाच येते, अँटी-रिव्हर्सचा संबंध नाही. झाकण पुन्हा उघडले, तेव्हा सरकत्या भागाच्या खाचेच्या टोकाला जुन्या ग्रीसचा कडक खडा राहिलेला दिसला. काडीने तो काढला आणि आवाज बंद झाला.

मिर्‍या_बंदर

छान झाले. वापरल्यानंतरच्या धुण्याबद्दल एक सूचना देऊन ठेवतो. नळाची जोरदार धार रिळावर सोडू नये, तिने खारे पाणी आतल्या चाकांपर्यंत ढकलले जाते. ड्रॅगचे बटण आवळून घ्यावे, वरून गोड्या पाण्याची हलकी शिंपण करावी आणि फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावे. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करूनच ठेवावा, नाहीतर सपाट केलेल्या चकत्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुन्हा एकमेकींना चिकटतील.